सबूर, सबुरी आणि सब्र-ए-जमील

प्रश्न थोडक्यात असा आहे: शेजारच्या घरी मृत्यू झाला. नंतर फिरलेल्या संदेशात 'अल्लाह घरवालों को सब्र-ए-जमील अता फरमाए' असं वाक्य होतं. यातला 'सब्र' आणि आपला 'सबूर' एकच का? एकच असेल, तर आपण 'सबूर!' म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ 'थांब' कसा होतो? 'जमील' म्हणजे सुंदर, मग धीर सुंदर कसा असेल? सब्राला मराठीत नेमका शब्द कोणता? आणि असा संदेश आला की उत्तरादाखल काय म्हणायचं?

मूळ एकच आहे. तिन्ही शब्द अरबीतल्या 'स्वाद-बे-रे' या धातूचे. सब्र हे नाम. सबूर हे विशेषण, म्हणजे ज्याच्याकडे भरपूर सब्र आहे तो. गफूर, शकूर हे शब्द याच साच्यातले. अब्दुल गफूर, अब्दुल शकूर यांच्या जोडीला अब्दुल सबूर हे नावही असतं, कारण अल्लाहच्या ९९ नावांच्या प्रचलित यादीत 'अस्-सबूर' हे अगदी शेवटचं नाव आहे. या विशेषणाला फारसीने आपला 'ई' लावला आणि 'सबूरी' हे भाववाचक नाम केलं. मराठीत आल्यावर ते आपल्या ऱ्हस्वदीर्घाच्या नियमाने चालू लागलं: मजूर-मजुरी, मंजूर-मंजुरी, तसं सबूर-सबुरी. म्हणून मराठीत लिहिताना 'सबुरी'तला 'बु' ऱ्हस्व. गाड्यांच्या काचांवर 'सबूरी' दिसतं ते हिंदीचं वळण.

आपला 'सबूर' थेट 'सब्र'पासून झाला असेल असं मात्र मला वाटत नाही. अरबी-फारसी जोडाक्षर फोडताना मराठी मध्ये जो स्वर घालते तो बहुधा आधीच्या स्वराच्या वळणावर जातो: हुक्मचा हुकूम, जुल्मचा जुलूम, पण कद्रची कदर, कब्रची कबर. या हिशेबाने सब्रचं 'सबर' व्हायला हवं, आणि दखनीत 'सबर कर' असंच म्हणतात. आपल्या शब्दातला दीर्घ ऊकार विशेषणाकडून आला असावा.

आता 'थांब!'बद्दल. हा प्रश्न मला सगळ्यात आवडला, कारण मराठीने इथे नकळत एक फार जुना अर्थ जपला आहे. आपण सब्र म्हणजे धीर, सहनशीलता असं भाषांतर करतो आणि डोळ्यांसमोर मान खाली घालून सोसणारा माणूस येतो. पण या धातूचा मूळ अर्थ सोसणं नव्हेच. तो आहे बांधून ठेवणं, रोखून धरणं. पैगंबरांचे सहकारी अनस यांनी सांगितलेली एक हदीस (पैगंबरांच्या बोलण्या-वागण्याची नोंद) आहे: जनावराला बांधून त्याच्यावर नेम धरण्याला पैगंबरांनी मनाई केली. तिथे 'बांधून ठेवण्या'साठी जे क्रियापद आलंय ते सब्रचंच. एखाद्याला जखडून ठार केलं तर अरबीत त्याला 'सब्रन' मारला म्हणत. कुराणाच्या १८व्या अध्यायातल्या २८व्या आयतीत पैगंबरांना सांगितलंय, 'वस्बिर नफ्सक', म्हणजे सकाळ-संध्याकाळ ईश्वराला आळवणाऱ्या लोकांबरोबर स्वतःला धरून ठेव. इथे 'धीर धर' असा अर्थ लावला तर वाक्य लंगडं होतं. 'स्वतःला बांधून ठेव' असा लावला की लख्ख कळतं.

आता आपल्याकडे 'सबूर!' कधी म्हणतात ते आठवून बघा. कोणी हात उगारला आहे, कोणाच्या तोंडून नको ते बाहेर पडणार आहे, कोणी तावातावाने उठून निघालं आहे. माझी आजी आम्हा भावंडांची जुंपली की स्वयंपाकघरातूनच 'सबूर!' म्हणून ओरडायची, आणि उगारलेला हात जिथल्या तिथे राहायचा. 'धीर धरा रे' असं तिला म्हणायचं नव्हतं. तिला लगाम खेचायचा होता. फारसीतही 'सब्र कुन' म्हणजे 'थांब, जरा दम धर' असंच म्हणतात, तेव्हा हा अर्थ मराठीने एकटीने काढलेला नाही. पण आपल्या तोंडी त्याला जी हुकुमी धार आली, ती मूळ धातूच्या फार जवळ जाते.

चौदाव्या शतकात दमास्कसमध्ये इब्न अल-कय्यिम नावाचे विद्वान होऊन गेले (मृत्यू १३५०). त्यांनी सब्राची फोड अशी केली आहे: मनाला हाय खाण्यापासून रोखणं, जिभेला गाऱ्हाणं करण्यापासून रोखणं, आणि हातांना गाल बडवण्यापासून, कपडे फाडण्यापासून रोखणं. मन, जीभ, हात. हे वाचलं तेव्हा सब्राचा मराठी प्रतिशब्द आपोआप समोर आला, आणि तो 'धीर' नव्हता, 'संयम' नव्हता. तो होता 'आवर'. मन आवर, जीभ आवर, हात आवर. तिन्ही ठिकाणी तोच शब्द मराठीत आधीपासून तयार बसलेला आहे. 'संयम' अर्थाने जवळचा, पण तो पुस्तकी आहे. भांडणात कोणी 'संयम!' म्हणून ओरडत नाही.

एका ठिकाणी मात्र 'आवर' कमी पडतो. सब्राचे परंपरेने तीन प्रकार सांगतात: पापापासून दूर राहण्याचा, संकटातला, आणि भक्तीत टिकून राहण्याचा. पहाटेच्या नमाजला रोज उठायचं, वर्षानुवर्षं उठायचं, हाही सब्रच. त्याला मराठीत 'नेट' किंवा 'चिकाटी' म्हणावं लागेल. म्हणजे स्वतःला ओढून धरणं आणि स्वतःला लावून धरणं, दोन्ही.

आणि अजून एक अपवाद, जो तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. मराठीत आपण 'रडू आवर' म्हणतो. सब्रात रडू आवरायला सांगितलेलं नाही. पैगंबरांचा लहानगा मुलगा इब्राहीम त्यांच्यासमोर शेवटचे श्वास घेत होता आणि त्यांचे डोळे वाहत होते. कोणीतरी नवलाने विचारलं, आपणसुद्धा? ते म्हणाले, डोळा पाझरतो, हृदय दुःखी होतं, पण आम्ही बोलतो तेवढंच जे आमच्या पालनकर्त्याला रुचेल. रोखायची ती जीभ, डोळे मोकळे.

इथूनच 'सब्र-ए-जमील' उलगडतो. हा शब्दप्रयोग कुराणाच्या १२व्या अध्यायातला, यूसुफच्या कथेतला. भावांनी यूसुफला विहिरीत टाकलं आणि सदऱ्याला खोटं रक्त लावून बापापुढे आणलं: लांडग्याने खाल्लं. याकूबना कळलं की मुलं खोटं बोलताहेत. ते म्हणाले, तुमच्या मनाने ही गोष्ट रचली आहे. 'फ-सब्रुन जमील', आता सुंदर सब्र. पुढे बऱ्याच वर्षांनी दुसरा मुलगा मिसरमध्ये (इजिप्तमध्ये) अडकला तेव्हाही त्यांच्या तोंडी हेच दोन शब्द आले. भाष्यकार 'जमील'चा अर्थ सांगतात तो असा: ज्या सब्रात माणसांपुढे गाऱ्हाणं नाही तो सुंदर. पण लगेच पुढच्याच आयतीत याकूबचे डोळे दुःखाने पांढरे झाल्याचं सांगितलं आहे. मुलं वैतागून म्हणतात, यूसुफला आठवत आठवत तुम्ही झिजून जाल. त्यावर त्यांचं उत्तर: मी माझं दुःख आणि माझी व्यथा फक्त अल्लाहपाशी मांडतो. म्हणजे गाऱ्हाणंही आहे, फक्त त्याचा दरवाजा एकच आहे. तुमच्या शेजाऱ्यांसाठी कोणी हे मागितलं त्याचा अर्थ 'त्यांनी रडू नये' असा अजिबात नाही. दुःख कडू होऊन माणसांवर सांडू नये, त्याचं रूप बिघडू नये, अशी ती प्रार्थना आहे.

याच विषयावर आणखी एक प्रसंग सांगतो, कारण त्यात एक जुळा शब्द दडला आहे. एक बाई कबरीपाशी आक्रोश करत होती. पैगंबर तिथून जात होते. ते म्हणाले, 'तक्वा धर आणि सब्र कर.' तिने ओळखलं नाही. ती म्हणाली, चालते व्हा, माझ्यावर कोसळलंय ते तुमच्यावर कोसळलेलं नाही. ते निघून गेले. नंतर कोणीतरी तिला सांगितलं ते कोण होते. ती धावत त्यांच्या घरी गेली. दारावर पहारेकरी वगैरे कोणी नव्हते. म्हणाली, मी ओळखलं नाही. ते एवढंच म्हणाले, 'सब्र तो, जो पहिल्या आघाताला असतो.' मला यात त्या वाक्याइतकंच त्यांचं पहिल्या खेपेला काही न बोलता पुढे जाणं मोलाचं वाटतं. शोकात सापडलेल्या बाईचं तोडून टाकणारं बोलणं त्यांनी परतवलं नाही.

'तक्वा'वरून सावध करतो. आपल्या मराठीतला 'तकवा' ('अंगात तकवा उरला नाही') हा वेगळा. अर्थावरून तो 'कुवत'च्या घरातला दिसतो. धर्मातला 'तक्वा' हा राखणं, जपणं या अर्थाच्या धातूपासून आला आहे. 'ईशभय' हे नेहमीचं भाषांतर त्यातली फक्त भीती उचलतं. पैगंबरांचे सहकारी उबय्य इब्न कअब यांनी दुसरे खलिफा उमर यांना दिलेलं म्हणून सांगितलं जाणारं स्पष्टीकरण मला जास्त पटतं: काट्यांच्या वाटेवरून जाताना काय करतोस? कपडे सावरून, बघून पाऊल टाकतो. बस, तोच तक्वा. आपला 'पथ्य' हा शब्द मला इथे फार जवळचा वाटतो. पथ्य करणारा माणूस भेदरलेला नसतो, जपून असतो.

सब्र आणि तक्वा या दोघांची कसोटी शेवटी जिभेवरच लागते. 'ज्याची अल्लाहवर आणि अंतिम दिवसावर श्रद्धा आहे त्याने चांगलं बोलावं किंवा गप्प राहावं,' ही हदीस अनेकांना पाठ असते. उपवासाला अरबीत 'सौम' म्हणतात, आणि त्याचाही मूळ अर्थ थांबणं, अलिप्त राहणं असाच. कुराणात मरियम म्हणते, मी 'सौम'चा नवस केला आहे, आज कोणाही माणसाशी बोलणार नाही. तिथे सौम म्हणजे मौनच. रमजानात कोणी शिवी दिली तर 'माझा रोजा आहे' एवढंच म्हणावं, असं सांगितलं आहे. आणि जो खोटं बोलणं सोडत नाही त्याने खाणंपिणं सोडण्याची अल्लाहला गरज नाही, असंही.

मराठी माणसाला मात्र 'सबुरी' म्हटलं की शिर्डीच आठवते, आणि तेही योग्यच आहे. साईबाबा मशिदीत राहत, 'अल्लाह मालिक' हे त्यांच्या ओठावर असे. राधाबाई देशमुख नावाच्या म्हाताऱ्या बाईंनी मंत्र मिळेपर्यंत अन्नपाणी घेणार नाही असा हट्ट धरला, तेव्हा बाबांनी त्यांना आपल्या गुरूची गोष्ट सांगितली: गुरूने दक्षिणा मागितली ती दोनच पैशांची, एक पैसा निष्ठा आणि दुसरा सबुरी. हट्टाने उपाशी बसलेल्या बाईला सबुरी सांगावी, यात त्या शब्दाचा 'आवर' हा अर्थ किती नेमका बसतो! आज वर्तमानपत्रांत 'सबुरीचा सल्ला', 'सबुरीचं धोरण' असं येतं तेव्हा त्याचा अर्थ बहुतेक वेळा 'तूर्त काही करू नका' एवढाच उरलेला असतो. शब्द झिजतात, पण या शब्दाचं असं झिजणं मला खरोखर टोचतं.

राहिला शेवटचा प्रश्न. असा संदेश आला तर उत्तरादाखल 'आमीन' म्हणतात, म्हणजे 'असंच होवो'. मराठीत लिहायचं असेल तर 'घरच्यांना हे दुःख पेलण्याचं बळ मिळो' हे चालेल. समोर भेटलात तर काही न बोलता शेजारी बसलात तरी चालेल.