युकेमधून शिकून परत आलो, भाड्याच्या घराचा एजंट डिपॉझिट देत नाहीये. भारतात बसून काही करता येतं का?

तुम्ही लिहिलंय की मास्टर्स लेस्टरला केलं, चौघांनी मिळून घर भाड्याने घेतलेलं, ऑगस्टअखेर चाव्या दिल्या आणि आता एजंटचा मेल आलाय की तुमच्या ५५० पौंडांतले ४५० क्लीनिंग, पेंटिंग आणि गादीपोटी कापणार, उरलेले १०० हवे असतील तर "मान्य आहे" असं उत्तर पाठवा. ते उत्तर पाठवू नका, एवढं आधी सांगतो. १०० देतोय तर ते घ्या, पण मेलमध्ये स्पष्ट लिहा की हे वादात नसलेले पैसे म्हणून घेतोय, बाकीची कपात मला मान्य नाही. मुलं विमानात बसली की विषय संपला असं धरूनच बरेच एजंट हे असले आकडे टाकतात, आणि खरं तर पुढचं जवळजवळ सगळं ऑनलाइन होतं, तुम्ही पुण्यात असा नाहीतर पॅरिसमध्ये.

आता पहिलं काम, डिपॉझिट नेमकं कुठे ठेवलंय ते शोधायचं. इंग्लंड आणि वेल्समध्ये एप्रिल २००७ पासून नियम आहे की नेहमीच्या भाडेकराराचं डिपॉझिट मालकाने मान्यताप्राप्त स्कीममध्ये नोंदवायचं, पैसे मिळाल्यापासून ३० दिवसांत, आणि त्याची लेखी माहिती तुम्हाला द्यायची. स्कीम तीनच आहेत: डिपॉझिट प्रोटेक्शन सर्व्हिस म्हणजे डीपीएस, मायडिपॉझिट्स, आणि टेनन्सी डिपॉझिट स्कीम म्हणजे टीडीएस. तिघांच्याही साइटवर शोधायची सोय आहे, पोस्टकोड, आडनाव, टेनन्सी म्हणजे भाडेकरार कधी सुरू झाला, रक्कम किती अशी माहिती मागतात. इथे आपल्या लोकांची एक गंमत होते, पासपोर्टवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं सगळं असतं आणि एजंटच्या ऑफिसातला माणूस त्यातलं काहीही उचलून आडनावाच्या रकान्यात टाकतो, त्यामुळे एकदा सापडलं नाही म्हणून नोंदच नाही असं समजू नका, वडिलांचं नाव टाकून बघा, पहिलं नाव टाकून बघा, आणि चौघांत जो लीड टेनंट म्हणजे सगळ्यांच्या वतीने नाव दिलेला भाडेकरू होता त्याच्या नावाने तर नक्कीच बघा कारण जॉइंट अ‍ॅग्रीमेंट असेल तर बहुतेकदा सगळं त्याच्याच नावावर असतं आणि पैसेही त्याच्याच खात्यात जातात. तो मित्र अजून संपर्कात आहे ना? नसेल तर आजच शोधा.

नोंद सापडली तर तुमचं काम बरंच सोपं आहे. प्रत्येक स्कीमकडे वाद सोडवायची फुकट सोय असते, वकील लागत नाही, सुनावणी नसते, दोघांनी आपापले पुरावे अपलोड करायचे आणि अ‍ॅडज्युडिकेटर म्हणजे स्कीमचा निवाडा करणारा माणूस कागद बघून निकाल देतो. निकाल सहसा अंतिम असतो. मुदत मात्र बघा, डिपॉझिट मालकाकडेच ठेवून नुसता विमा काढलेला असेल तर साधारण टेनन्सी संपल्यापासून ३ महिन्यांत वाद दाखल करावा लागतो, म्हणजे तुमच्या बाबतीत नोव्हेंबरअखेर. पैसे स्कीमकडेच जमा असतील तर घाई कमी, पण उगाच लांबवू नका.

आणि यातली सगळ्यात कामाची गोष्ट अशी की डिपॉझिट कायद्याने तुमचं आहे, त्यातून का कापायचं हे मालकाने सिद्ध करायचं असतं. तुम्ही "मी घर स्वच्छ ठेवलं होतं" हे सिद्ध करायची गरज नाही. त्याच्याकडे चेक-इनची इन्व्हेंटरी, म्हणजे घर ताब्यात देतानाची वस्तूंची आणि त्यांच्या स्थितीची यादी, आहे का, त्यावर सही आहे का, फोटो आहेत का, चेक-आउटचा रिपोर्ट आहे का, यातलं काही नसेल तर त्याची केस जवळपास पडलीच. म्हणून एजंटला एकच मेल करा, प्रत्येक कपातीचं बिल, चेक-इन आणि चेक-आउट रिपोर्ट पाठवा म्हणून. तोंडी काही बोलू नका, फोन आला तरी "मेलवर लिहा" म्हणा.

आमच्याच तिथल्या भाड्याच्या घराचं उदाहरण घ्या, किचनच्या ओट्यावर हळदीचा डाग पडला होता, मान्य, पांढरा लॅमिनेट आणि चार देशी पोरं म्हणजे होणारच. एजंटने अख्खा वर्कटॉप बदलायचं बिल लावलं. चेक-इनच्या फोटोत शेगडीशेजारी जळल्याचा काळा गोल आणि सिंककडची फुगलेली कड स्वच्छ दिसत होती, म्हणजे ओटा आम्ही येण्याआधीच म्हातारा झालेला. तो फोटो त्यांचाच होता, आम्ही फक्त पान नंबर लिहून दाखवलं. निकालात डागापोटी थोडे पैसे गेले, बाकी सगळे परत आले, कारण जुन्या वस्तूच्या बदली नवी वस्तू भाडेकरूच्या पैशाने घेता येत नाही. तुमच्या गादीला हेच लागू. समजा गादी ८ वर्षं टिकायची धरली आणि ती आधीच ६ वर्षं वापरलेली असेल, तर ती तुम्ही पार फाडली असती तरी मालकाला किमतीचा साधारण पाव भागच मागता येतो. गादी किती जुनी होती हे विचाराच, उत्तर देताना त्यांची पंचाईत होते.

पेंटिंगचं तर विचारूच नका, वर्षभर राहिल्यावर भिंती थोड्या मळतात, याला ते लोक फेअर वेअर अँड टेअर म्हणतात आणि त्याचे पैसे कापता येत नाहीत. भिंतीला भोकं पाडली असतील, पोस्टर काढताना रंगाचे पापुद्रे निघाले असतील तर गोष्ट वेगळी. क्लीनिंगबद्दल २०१९ च्या टेनंट फीज अ‍ॅक्टनंतर "प्रोफेशनल क्लीनिंग करूनच द्या" अशी सक्ती इंग्लंडमध्ये करता येत नाही, घर मिळालं तेव्हा जितकं स्वच्छ होतं तितकं परत द्यायचं एवढंच. पण ओव्हनमध्ये तेलाचा थर ठेवून आला असाल तर त्याचे पैसे जाणार, तिथे भांडत बसू नका, रास्त रक्कम मान्य करून टाका, त्याने तुमच्या बाकीच्या बोलण्याला वजन येतं. त्याच कायद्याने डिपॉझिटला वर्षाचं भाडं ५० हजार पौंडांच्या आत असेल तर ५ आठवड्यांच्या भाड्याची मर्यादाही आहे, त्याहून जास्त घेतलंय का तेही मोजून बघा.

तीनही स्कीममध्ये नोंदच नसेल तर मग मालक खऱ्या अडचणीत. हाउसिंग अ‍ॅक्ट २००४ च्या कलम २१४ खाली कोर्ट त्याला डिपॉझिट परत द्यायला लावतं आणि वर डिपॉझिटच्या १ ते ३ पट दंड, तो दंड सरकारला नाही, तुम्हाला मिळतो. दाव्याला ६ वर्षांची मुदत आहे. जॉइंट अ‍ॅग्रीमेंट असेल तर चौघांनी मिळून जायला हवं, आणि कोर्टाची कागदपत्रं घ्यायला युकेमधला पत्ता लागतो, तिथला एखादा मित्र बघून ठेवा. पण बऱ्याचदा कोर्टापर्यंत जावंच लागत नाही, कलमाचा आकडा आणि पैसे द्यायची तारीख लिहिलेलं साधं पत्र गेलं की एजंटचा सूर बदलतो. पत्राचा मसुदा शेल्टर या संस्थेच्या साइटवर मिळतो, आणि तुमच्या युनिव्हर्सिटीच्या स्टुडंट्स युनियनमध्ये अ‍ॅडव्हाइस सेंटर असेल तर त्यांनाही मेल टाका.

हे सगळं कुठे चालत नाही तेही सांगतो. मालक त्याच घरात राहत असेल आणि तुम्ही त्याच्याकडे खोली घेतली असेल तर तुम्ही लॉजर, तिथे स्कीमचा नियम नाही, पैसे मात्र नेहमीच्या दाव्याने मागता येतात. स्कॉटलंडचा कायदा वेगळा आहे, तिथे दंडासाठी ट्रिब्युनलकडे जायची मुदत टेनन्सी संपल्यापासून फक्त ३ महिने. आणि सगळ्यात वाईट केस म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून कुणाची तरी खोली मधेच घेतलेली, डिपॉझिट मालकाला न देता जाणाऱ्या मुलाच्या हातात दिलेलं आणि अ‍ॅग्रीमेंटवर नाव अजून त्याचंच. अशा वेळी स्कीमच्या लेखी तुम्ही कुणीच नसता, पैसे त्या मुलाला परत जातात आणि तो द्यायचा तर देतो. आता जाणाऱ्यांनी नाव बदलून स्कीमचं नवं सर्टिफिकेट हातात आल्याशिवाय एक पौंडही देऊ नये.

जाता जाता, तिथलं बँक अकाउंट बंद केलं नसेल तर इतक्यात करू नका. आणि तीन साइट तपासायचं काम आज रात्रीच उरका, दहा मिनिटांचं आहे, एजंटला मेल त्यानंतर.