जिल्हा परिषद शाळेचा निकाल शेजारच्या शाळेपेक्षा कमी असेल, तर शिकवणं कच्चं आहे असं म्हणावं का?

तुम्ही लिहिलंय की तुमचं गाव बीड जिल्ह्यात आहे, शाळेतली बरीच मुलं ऊसतोड कुटुंबातली आहेत, आणि चौथीची संकलित २ ची, म्हणजे दुसऱ्या सत्राच्या परीक्षेची, सरासरी ५२ टक्के आली, तर रस्त्यावरच्या मोठ्या गावच्या शाळेची ५७ टक्के. शाळा व्यवस्थापन समितीवर नवीन निवडून आलेल्या माणसाला हा प्रश्न पडणारच. पण नुसत्या या दोन आकड्यांवरून काहीच ठरत नाही.

एक हिशेब करून बघा. समजा तुमच्या चौथीत १४ मुलं आहेत. त्यातली ९ वर्षभर गावात असतात आणि त्यांची सरासरी ६२ आहे. उरलेली ५ दिवाळीनंतर टोळीबरोबर गेली, त्यांची ३४. एकूण बेरीज ५५८ अधिक १७० म्हणजे ७२८, भागिले १४, म्हणजे ५२. शेजारच्या शाळेत समजा २० मुलं: १८ कायमची, सरासरी ६०, आणि २ स्थलांतरित, सरासरी ३२. बेरीज ११४४, सरासरी साधारण ५७. आता गट वेगवेगळे करून बघा. कायमच्या मुलांत तुमची शाळा पुढे, स्थलांतरित मुलांतही पुढे, तरी एकत्र सरासरीत मागे. गुणांत चूक कुठेच नाही. फरक आहे तो वर्गात कोण बसलंय याचा. तुमच्या शाळेत खरंच असंच आहे का, हे मात्र तुम्हालाच काढावं लागेल.

त्यासाठी तीन कागद मागा: वर्गाचं हजेरीपत्रक, संकलितचे विषयवार गुण, आणि शाळेचं यू-डायस (शाळांच्या माहितीची सरकारी नोंद) रिपोर्ट कार्ड. शेवटचं शाळेचा अकरा अंकी यू-डायस क्रमांक टाकून तुम्हालाही बघता येतं. त्यात इयत्तावार पट, सामाजिक प्रवर्ग, शिक्षकसंख्या, वर्गखोल्या असं सगळं असतं. मुलांचे गुण मात्र नसतात, त्यामुळे त्यावरून कुणी ‘शाळेची गुणवत्ता’ सांगू लागला तर ऐकून सोडून द्या. शिवाय तो पट ३० सप्टेंबरचा असतो. तेव्हा टोळ्या गावातच असतात, त्यामुळे जानेवारीत अर्धा वर्ग रिकामा असला तरी कार्डावर शाळा भरलेली दिसते.

हजेरीपत्रकावरून प्रत्येक मुलाचे हजर दिवस मोजा. पहिली ते पाचवीला कायद्याने वर्षात किमान २०० दिवस शाळा भरायला हवी. १५० च्या वर हजर असलेली मुलं एका गटात घ्या, १०० च्या खालची दुसऱ्यात. मधली वेगळी ठेवा, ओढून-ताणून कुठल्या गटात कोंबू नका.

गुण घेताना प्रगतिपत्रकावरची श्रेणी घेऊ नका. तिसरी-चौथीला १०० पैकी ६० गुण आकारिक मूल्यमापनाचे, म्हणजे वर्षभर वर्गात चालणाऱ्या तपासणीचे, असतात आणि ते वर्गशिक्षकच देतात. कुणी सढळ हाताने देतं, कुणी मोजून. दोन शाळांची तुलना करायचीच असेल तर फक्त संकलितची करा.

आता सगळ्यात महत्त्वाचं: मागच्या वर्षीच्या चौथीशी यंदाची चौथी ताडून बघू नका, ती मुलंच वेगळी. यंदाच्या चौथीतल्या प्रत्येक मुलाचे तिसरीतले गुण शेजारी लिहा. कोण किती सरकलं हे त्यातून कळतं. आणि १४ मुलांच्या वर्गात एक हुशार मुलगी इंग्रजी शाळेत गेली तरी सरासरी दोन-तीन गुणांनी हलते, हे ध्यानात ठेवा. वर्ग इतका लहान असला की पाच गुणांच्या फरकावरून गुरुजींना धारेवर धरणं म्हणजे अन्यायच.

लेखी गुणांवर भरवसा नसेल तर प्रत्येक मुलाला एकेकटं बाहेर बसवून वाचायला लावा: आधी अक्षरं, मग साधे शब्द, मग पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा परिच्छेद, मग दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट. गणितात दोन अंकी हातच्याची वजाबाकी आणि तीन अंकी भागिले एक अंकी. एका मुलाला सहा-सात मिनिटं लागतात. मजकूर पाठ्यपुस्तकातला नको, तो मुलांचा पाठ असतो. घरी गोरमाटी (बंजारा बोली) बोलणारी मुलं असतील तर सूचना एकदा त्यांच्या बोलीतही द्या, नाहीतर आपण वाचन तपासत नाही, मराठी तपासतो.

एवढं करून कायमच्या मुलांचंच वाचन कच्चं निघालं, तर मग शिकवण्याकडे बघा. पण त्याआधी शिक्षक किती ते पाहा. ६० पटापर्यंत दोनच शिक्षक मिळतात, म्हणजे पाच इयत्ता दोन खोल्यांत. त्यातला एक निवडणुकीच्या नाहीतर सर्वेक्षणाच्या कामाला गेला की उरलेल्याने सांभाळायचं तरी किती?

आणि स्थलांतरित गटच मागे असेल, तर ते समितीचं काम आहे. आजी-आजोबांकडे राहू शकणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव टोळ्या निघण्याआधी जायला हवा. मुकादमाची उचल (आगाऊ पैसे) घेऊन कुटुंब गाडीत बसल्यावर हलवलेल्या कागदाचा उपयोग नाही. जी मुलं जाणारच, त्यांच्या हातात शिक्षण हमी कार्ड द्या, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत बसता येतं. पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर, मुलं परत येतात ती नेमकी परीक्षेच्या तोंडावर. तेव्हा त्यांना थेट पेपरला बसवण्याआधी वरची वाचनचाचणी घ्या, आणि जिथे अडली तिथून शिकवायला घ्या.

एक सांभाळा: हे तक्ते गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. एखाद्या गटात दोनच मुलं असली की नाव न लिहिताही ती कोण हे साऱ्या गावाला कळतं.