लघवीची तपासणी स्वच्छ, म्हणून मेंदू स्वच्छ?

‘नशेने जनुकं बदलतात’ हे अर्धवट वाक्य कुठूनतरी ऐकून बरीच पत्रं आली आहेत. एकत्रच उत्तरं देते.

कोकेन, हेरॉइनने डीएनए बदलतो का?
डीएनएची अक्षरं, म्हणजे त्यातला मजकूर, तीच राहतात. कोणतं जनुक किती वाचलं जातं, म्हणजे पेशी ते किती वापरते, ते बदलतं.

म्हणजे नेमकं काय होतं?
डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. गुंडाळी सैल असेल तिथलं जनुक वाचलं जातं, आवळलेली असेल तिथलं गप्प राहतं. वारंवारच्या नशेने ही गुंडाळी काही ठिकाणी सैल होते, काही ठिकाणी आवळते.

मुलगा महिनाभर उपचार केंद्रात राहून आला. लघवीची तपासणी स्वच्छ आहे. आता गोळ्या बंद करू?
नाही, आणि हे घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. अमली पदार्थ लघवीतून गेला, मेंदूतला बदल गेलेला नाही. वारंवार नशा दिलेल्या उंदरांच्या मेंदूत न्यूक्लियस अ‍ॅक्युम्बन्स या, सुखाची ओढ लावणाऱ्या भागात डेल्टा फॉसबी हे प्रथिन दिसतं. त्याच्या कुळातली इतर प्रथिनं काही तासांत नाहीशी होतात; हे मात्र नशेगणिक साचत जातं, नशा थांबल्यावरही काही आठवडे टिकतं आणि इतर अनेक जनुकांचं वाचन बदलत राहतं. कोकेन बंद केलेल्या उंदरांची तलफ तर पहिल्या दिवसापेक्षा महिन्याभराने जास्त असते! म्हणजे घरचे निश्चिंत होतात नेमक्या तेव्हाच ती जोरात असू शकते. हेरॉइन घेणाऱ्याची नशा पचवण्याची सहनशक्ती तोवर ओसरलेली असते. तो जुन्याच मापाने घेतो आणि श्वास थांबतो. असे तरुण उपचारानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत जातात, म्हणून इतकं कळकळीने लिहिते आहे. ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन ही हेरॉइनची तलफ आवरणारी औषधं चालू असतील तर एकही गोळी स्वतःच्या मनाने कमी करू नका. पुढची भेट चुकली असेल तर आजच मानसोपचारतज्ज्ञांना फोन करा.

वडील दारू प्यायचे. मी जनुक चाचणी करून घेऊ?
पैसे वाचवा. आनुवंशिकतेचा वाटा साधारण निम्मा आहे, पण तो असंख्य जनुकांत विखुरलेला आहे. व्यसन लागेलच किंवा लागणारच नाही, असं सांगणारी चाचणी नाही. पिण्याची काळजी वाटत असेल तर समुपदेशकाशी बोला.

‘जनुकं रीसेट’ करणारं चूर्ण नवऱ्याच्या जेवणात गुपचूप मिसळलं तर?
मुळीच नको. तुम्ही पाठवलेल्या पाकिटाच्या फोटोत घटकांची यादीच नाही. त्यात डायसल्फिराम हे दारू सोडवण्यासाठीचं औषध असेल आणि वर ते दारू प्यायले, तर रक्तदाब कोसळू शकतो. ते चूर्ण डॉक्टरांना दाखवा. दिलं असेल तर तेही लपवू नका.

सासरे रोज पितात. उद्यापासून एकदम बंद करू?
आधी डॉक्टर. वर्षानुवर्षं भरपूर पिणाऱ्याची दारू अचानक तोडली तर दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. हात थरथरू लागले, नसलेली माणसं दिसू लागली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात न्या.