वर्ल्ड सिरीज एकच, तरी पिचर ब्रेव्हजचेच

प्रश्न: नमस्कार. मुलगा अटलांटाला असतो, तिकडे राहून आल्यापासून मला बेसबॉलची गोडी लागलीय. 2025 ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे अमेरिकन बेसबॉलची फायनल मालिका, लॉस एंजेलिस डॉजर्सनी जिंकली तेव्हापासून घरात वाद चालू आहे. सून म्हणते यामामोतो, स्नेल, ग्लासनाउ आणि ओहतानी असे चार स्टार्टिंग पिचर (मॅचची सुरुवात करणारे बॉलर) आजवर कुठल्याच टीमकडे नव्हते. तुम्ही मात्र या सदरात सारखं नव्वदच्या दशकातल्या अटलांटा ब्रेव्हजचं नाव घेता. त्यांनी तर तेव्हा एकच वर्ल्ड सिरीज जिंकली ना? मग कशाच्या जोरावर? आणि त्यांची एखादी मॅच बघायची तर कुठली बघू?
– एक वाचक, सांगली

उत्तर: ताई, सूनबाईंना आधी हे सांगा की यामामोतोबद्दल माझी काहीच तक्रार नाही. दुसरी मॅच जिंकली, सहावी जिंकली आणि लगेच दुसऱ्या दिवशी सातव्या मॅचला परत येऊन 11 व्या इनिंगला सामना संपवला, ते बघताना माझ्या अंगावर काटा आला होता. पण ते झालं ऑक्टोबर-नोव्हेंबरचं. स्टार्टिंग पिचरचं खरं काम एप्रिलपासून सुरू होतं, 162 मॅचेस असतात, पाच जण आळीपाळीने टाकतात, म्हणजे साधारण दर पाचव्या दिवशी तुमचा नंबर लागतो आणि त्या दिवशी सहा-सात इनिंग तुम्ही ओढल्या नाहीत तर मागून येणाऱ्या सगळ्या पिचर्सवर लोड येतो. 2025 ला स्नेल आणि ग्लासनाउ दोघंही खांद्याच्या दुखण्याने कित्येक आठवडे बाहेर होते, ओहतानी तर पिचिंगला आलाच जूनमध्ये. चौघं एकदम धडधाकट असे मिळाले ते शेवटी शेवटी.

आता ब्रेव्हजचं बघा. ग्रेग मॅडक्स, टॉम ग्लॅव्हिन आणि जॉन स्मोल्ट्झ, हे तिघं 1993 पासून एकत्र होते आणि वर्षानुवर्षं उभे राहिले. नॅशनल लीगच्या (अमेरिकन बेसबॉलच्या दोन लीगपैकी एक, ब्रेव्हज तिच्यातलेच) सगळ्यात चांगल्या पिचरला साय यंग अवॉर्ड मिळतं, ते 1991 ला ग्लॅव्हिनला, 1993, 94, 95 ला मॅडक्सला, 1996 ला स्मोल्ट्झला, 1998 ला परत ग्लॅव्हिनला. आठ वर्षांत सहा वेळा एकाच टीमकडे! मधलं 1992 चंही मॅडक्सलाच मिळालं, फक्त तेव्हा तो शिकागो कब्जमध्ये होता. 1998 ला तर पाचच्या पाच स्टार्टर्सनी प्रत्येकी 16 किंवा जास्त मॅचेस जिंकल्या, मिलवुड आणि नेगल धरून, आणि टीमने 106. पुढे तिघंही हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या महान खेळाडूंच्या यादीत गेले.

मॅडक्सबद्दल लिहायला बसलो की मला थांबवत नाही. त्याचा स्पीड काही खास नव्हता. क्रिकेटवाल्यांना सांगायचं तर मॅकग्रा आठवा, तीच जात. डावखुऱ्या बॅटरच्या कमरेकडे बॉल सोडायचा, बॅटर बिचारा अंग चोरून मागे सरकायचा आणि बॉल शेवटच्या क्षणी आत वळून प्लेटच्या (बॅटरसमोरच्या जमिनीवरच्या पाटीच्या) कोपऱ्यावरून जायचा, स्ट्राइक! असे तीन स्ट्राइक झाले की बॅटर आउट, तोच स्ट्राइकआउट. 1994 ला त्याचा ईआरए, म्हणजे दर 9 इनिंगमागे पिचरच्या खात्यावर पडलेले रन, 1.56 होता आणि 1995 ला 1.63, आणि तेव्हा बाकी लीगचा 4 च्या वर होता. 1997 ला कब्जविरुद्ध पूर्ण 9 इनिंग त्याने 80 पेक्षा कमी पिचेसमध्ये (बॉलमध्ये) संपवल्या, आज एवढ्या पिचेसमध्ये कित्येक स्टार्टर पाचव्या इनिंगला घाम पुसत असतात.

हे तिघं एवढे टिकले त्यात पिचिंग कोच लिओ मॅझोनीचा हात मोठा. दोन मॅचेसच्या मध्ये बाकीच्या टीम्स पिचरला एकदाच बुलपेनमध्ये (पिचर्सच्या सरावाच्या जागेत) टाकायला लावायच्या, हा दोनदा लावायचा, पण जोर न लावता, नुसता हात आणि अंदाज पक्का राहावा म्हणून. मला वाटतं ब्रेव्हजची निम्मी कमाई तिथली आहे.

राहिला एकाच वर्ल्ड सिरीजचा मुद्दा, आणि हा मला मनापासून खुपतो कारण दोष दरवेळी पिचर्सच्या माथी मारतात. 1991 ची सातवी मॅच घ्या, स्मोल्ट्झ आठव्या इनिंगपर्यंत टाकतोय, एकही रन दिला नाही, आणि ब्रेव्हज 10 व्या इनिंगला 1-0 ने हरले. 1996 ची पाचवी मॅच, परत स्मोल्ट्झ, 8 इनिंग, 10 स्ट्राइकआउट, आउटफिल्डमध्ये सोपा कॅच सुटला आणि त्यावर एक रन गेला, परत 1-0. आदल्या दिवशी 6-0 ची लीड होती ती बुलपेनने, म्हणजे स्टार्टरनंतर येणाऱ्या पिचर्सनी, घालवली. आपल्या बॅटर्सनी शून्य काढल्यावर पिचरने अजून काय करायचं सांगा! प्लेऑफमध्ये, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेऱ्यांत, स्मोल्ट्झचा हिशोब 15 विजय, 4 पराभव असा आहे, तो काय मोठ्या मॅचला कच खाणारा माणूस आहे?

प्रश्न: ग्लॅव्हिन आणि मॅडक्सना अंपायर प्लेटच्या बाहेरचे बॉलसुद्धा स्ट्राइक द्यायचे असं वाचलं. मग त्यांचं एवढं कौतुक का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर: द्यायचे, खरंय. पण का द्यायचे ते बघा ना. ग्लॅव्हिन पहिल्या इनिंगला बाहेरच्या कोपऱ्यावर टाकायचा, मिळाला स्ट्राइक की पुढचा अर्धा इंच बाहेर, मग अजून थोडा, आणि कॅचरचा ग्लोव्ह जागचा हलत नसेल तर अंपायरला तो बॉल चांगलाच वाटतो. हे कसब आहे, मेहेरबानी नाही. आणि मोठा झोन (अंपायर ज्या भागातला बॉल स्ट्राइक देतो तो) नेहमी ब्रेव्हजच्याच फायद्याचा ठरला असंही नाही. 1997 ला नॅशनल लीगच्या फायनलमध्ये फ्लोरिडाच्या लिव्हान हर्नांडेझला अंपायरने एवढा बाहेरचा झोन दिला की त्याने 15 स्ट्राइकआउट घेतले आणि समोर मॅडक्स असून ब्रेव्हज 2-1 ने हरले.

आता सांगलीच्या ताईंची मॅच. 28 ऑक्टोबर 1995, वर्ल्ड सिरीजची सहावी, अटलांटामध्येच. समोर क्लीव्हलँड, त्या वर्षीच्या छोट्या सीझनमध्ये 144 मॅचेसपैकी 100 जिंकलेली टीम, त्यात अल्बर्ट बेलचे 50 होम रन, शिवाय लॉफ्टन, टोमी, मॅनी रामिरेझ, एडी मरे. या लाइनअपला ग्लॅव्हिनने 8 इनिंगमध्ये एक हिट दिला, एकच, आणि ब्रेव्हज 1-0 ने जिंकून चॅम्पियन झाले. तो सगळा वेळ एकाच कोपऱ्यावर चेंजअप (फास्ट वाटणारा पण हळू येणारा बॉल) टाकत राहतो, सगळ्यांना माहितीये कुठे येणार आणि तरी कुणाला मारता येत नाही. बघताना बॉलपेक्षा कॅचरच्या ग्लोव्हवर लक्ष ठेवा, मग कळेल मी काय म्हणतोय. आणि चहा ठेवायला उठाल तर सहाव्या इनिंगच्या आधी उठा, टोनी पेन्याचा तो एकमेव हिट आणि डेव्हिड जस्टिसचा होम रन, दोन्ही त्याच इनिंगला आहेत.