परवानगीची वाट बघत बसू नका

साताऱ्याहून आठवी-नववीच्या बारा मुली घेऊन पुण्यात यायचं, गाइड न घेता समाजसेवेच्या इतिहासाच्या जागा पायी दाखवायच्या, आणि कुणीतरी ‘आधी लेखी परवानगी आणा’ म्हटल्यामुळे महिनाभर अडकायचं. तुम्ही पोस्टमध्ये मांडलेली ही अडचण वाचून पोटात कालवलं, कारण मीही इथेच अडकले होते.

अशाच पायी फेरीसाठी आम्ही मुलांसह चौदाजण होतो. एका कार्यालयात साधी चौकशी करायला म्हणून गेले, तर अर्ज द्यायला सांगितलं. दिला. मग नावांची यादी, मग नकाशा, मग ‘साहेब रजेवर आहेत’. अडीच महिने गेले. शेवटी दुसऱ्या टेबलावरचे एक गृहस्थ म्हणाले, “बाई, फुटपाथवर उभं राहून बोलायला कसली परवानगी?” या नादात जे गेलं ते परत आलं नाही. ओळखीच्या एक निवृत्त परिचारिका ससून रुग्णालयासमोर उभं राहून आपल्या रात्रपाळ्यांबद्दल बोलणार होत्या. मधल्या काळात त्या पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. आता त्या घराबाहेर पडत नाहीत. पहिल्याच रविवारी निघालो असतो तर मुलांनी त्यांना ऐकलं असतं. याचा राग अजून जात नाही.

मी वकील नाही. मोठा जमाव, माइक, ड्रोन असलं काही असेल तर नीट विचारून घ्या. बारा मुली आणि एक बाई रस्त्याच्या कडेने चालणार असतील तर मी तरी कुणाला विचारणार नाही. इमारतीच्या आत जायचं असेल तर मात्र तिथल्या माणसांना विचारायचंच.

आता वाटेबद्दल. लोक वीस-वीस ठिकाणं कोंबतात. माझ्या मते तीन पुरेत, पण त्यांतून एकच गोष्ट पुढे जायला हवी. सुरुवात बुधवार पेठेत, दगडूशेठ गणपतीसमोर, भिडे वाड्याच्या जागेपाशी. फुले दांपत्याची 1848 ची मुलींची शाळा इथली. वाडा डिसेंबर 2023 मध्ये पाडला, त्यामुळे मुलींना आधीच सांगून ठेवा, नाहीतर त्या जुनं घर शोधत बसतात. सोबत जुना फोटो असू द्या.

तिथून गंज पेठेतला फुले वाडा. इथे घाई नको. 1863 मध्ये फुले दांपत्याने बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवांनी इथे येऊन गुपचूप बाळंत व्हावं, मूल मारू नये, म्हणून. त्यातल्याच एका आईचं, काशीबाईचं, मूल त्यांनी 1874 मध्ये दत्तक घेतलं: यशवंत. तो पुढे डॉक्टर झाला. 1897 च्या प्लेगात सावित्रीबाईंनी त्याच्याच दवाखान्यात रोग्यांची सेवा केली, आणि 10 मार्चला प्लेगनेच त्या गेल्या. दवाखाना शहराबाहेर हडपसरकडे होता, तेवढं चालवत नेऊ नका, वाड्याच्या अंगणातच सांगा. 1868 मध्ये अस्पृश्यांना खुला केलेला हौदही तिथेच दाखवा. तारखा पाठ करून घेऊ नका. त्या बाळाचं काय झालं, एवढं घेऊन मुली घरी गेल्या तरी खूप आहे. प्लेग म्हटलं की आपल्याकडे सगळं रँड या इंग्रज अधिकाऱ्याच्या खुनाकडे वळतं, शुश्रूषा करणाऱ्यांचं नाव कुणी काढत नाही. मला ते खटकतं.

शेवट ससूनपाशी. डेव्हिड ससून यांच्या देणगीतून 1867 मध्ये उभं राहिलेलं रुग्णालय. जुनी दगडी इमारत बाहेरूनच बघा. आत रोगी आहेत, नातेवाईक जमिनीवर झोपलेले असतात, तिथे मुलींनी मोबाइल काढू नयेत. वेळ उरला तर कॅम्पातलं लाल देऊळ, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, बघा, ससून यांची समाधी तिथे आहे. आत सोडतीलच असं धरून चालू नका.

28 नोव्हेंबर आणि 11 एप्रिल, म्हणजे जोतीराव फुल्यांची पुण्यतिथी आणि जयंती, टाळा, फुले वाड्यात त्या दिवशी मुंगीला शिरायला जागा नसते. रविवारी सकाळी सातला निघालात तर लक्ष्मी रस्ता मोकळा मिळेल. मंडई मेट्रो स्टेशनवर भेटायचं ठरवा.

कुणी निवृत्त परिचारिका, दाई, शिक्षिका ओळखीच्या असतील तर त्यांना आधी विचारा आणि त्यांच्या सोयीने दिवस धरा. तारीख ठरली की इथेच लिहा. मी मंडईपाशी येऊन उभी राहीन.