वाचकांचे प्रश्न : न टोचणारी लोकर

प्रश्न : लहानपणी आईने विणलेला लोकरीचा स्वेटर मानेला इतका टोचायचा की आत कॉलरचा सदरा घालावाच लागे. यंदा सिमल्याच्या सहलीसाठी मुलीने दादरहून ‘१०० टक्के मेरिनो’ असे लेबल असलेला स्वेटर आणला आणि तो उघड्या मानेलाही टोचत नाही. दोन्ही मेंढीचीच लोकर, मग हा फरक कशामुळे? त्यात भेसळ तर नसेल? आणि मुंबईच्या दमट हवेत तो जपावा कसा?
– एक वाचक, विलेपार्ले

उत्तर : हा फरक तंतूच्या जाडीचा आहे. लोकरीची जाडी मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजतात. साधारण ३० मायक्रॉनपेक्षा जाड तंतूचे टोक त्वचेला टेकले तरी सहजी वाकत नाही; ते रुतते आणि तेथील मज्जातंतूंना डिवचते. लोकरीची ॲलर्जी आहे असे समजून अनेक जण ती कायमची सोडतात, तेव्हा बहुतेक वेळा दोष या जाडीचाच असतो, याची मला फार हळहळ वाटते. मेरिनोचा तंतू सहसा २४ मायक्रॉनच्या आत असतो आणि अंगालगतच्या कपड्यांसाठी त्यातलाही १८-१९ मायक्रॉनचा किंवा त्याहून बारीक निवडतात. जाडी निम्म्यावर आली की तेवढ्याच लांबीचा तंतू वाकवायला सोळाव्या हिश्श्याइतकाच जोर पुरतो, म्हणून आकड्यांतला लहानसा फरक मानेला मात्र लगेच कळतो. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर जाड आणि केसाळ असते, त्यामुळे घोंगडी टोचते. पण उघड्या माळावर वारापाऊस झेलायला धनगरांना तिचाच आधार वाटत आला आहे.

मेरिनोचे मूळ ऑस्ट्रेलियात नसून स्पेनमध्ये आहे. तेथील मेंढपाळांच्या ‘मेस्ता’ या संघाला राजा दहाव्या अल्फोन्सोने १२७३ मध्ये मान्यता दिली आणि ऋतूनुसार शेकडो किलोमीटर चालणारे कळप पुढे त्या देशाचे मोठे धन ठरले. ही मेंढी देशाबाहेर जाऊ नये म्हणून स्पेनने दीर्घकाळ बंदी पाळली. अठराव्या शतकात ती सैल झाल्यावर १७६५ मध्ये सॅक्सनीला आणि १७८६ मध्ये फ्रान्समधील राम्बुयेला कळप गेले. ऑस्ट्रेलियात मेरिनो पोहोचली ती १७९७ मध्ये, दक्षिण आफ्रिकेतील केपमार्गे.

भेसळीची शंका असेल तर आतल्या शिवणीतला एक धागा चिमट्यात धरून ज्योतीजवळ न्यावा. लोकर जळताना केस जळल्यासारखा वास येतो, ज्योत दूर होताच ती विझते आणि उरलेली काजळी बोटांत चुरडली जाते. ॲक्रिलिक मात्र वितळून त्याची टणक गोळी होते. अर्थात यातून लोकर आहे एवढेच कळेल, ती मेरिनो आहे की नाही हे कळणार नाही. शिवाय मेरिनो हे मेंढीच्या जातीचे नाव आहे, बारीकपणाचे प्रमाणपत्र नव्हे. म्हणून पुढच्या खरेदीच्या वेळी मायक्रॉनचा आकडा आवर्जून विचारावा.

लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याइतका ओलावा, हाताला ओली न लागता, शोषून घेते. थंडीत घाम आला तरी अंगाला गारठा जाणवत नाही तो याच गुणामुळे, पण पावसाळ्यातल्या मुंबईच्या कपाटात मात्र याच गुणाची काळजी घ्यावी लागते. लोकरीला कसर लागते आणि घामाचे, अन्नाचे डाग तिला विशेष आवडतात. म्हणून सहलीहून आल्यावर स्वेटर न धुता ठेवू नये. गार पाण्यात सौम्य द्रव साबणाने धुवावा, पिळू नये, टॉवेलात गुंडाळून दाबावा आणि सावलीत आडवा पसरून वाळवावा. पूर्ण वाळल्यावर घडी घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा. हँगरवर टांगल्यास तो स्वतःच्या वजनाने खांद्यांपाशी लोंबतो.