वाचकांचे प्रश्न : ओरायन सिंडिकेटची चोरवाट

प्रश्न : ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी विज्ञानकथा-मालिकेच्या जगात पृथ्वीवरचे दारिद्र्य संपलेले आहे, रेप्लिकेटर नावाचे यंत्र जेवणापासून कपड्यांपर्यंत हवे ते तयार करून देते आणि पैशाची गरजही फारशी उरलेली नाही. मग ओरायन सिंडिकेटसारखी छुपी तस्कर संघटना जगते कशावर? तिचे काम कसे चालते, हे मालिकेत एका जागी सांगितलेले सापडत नाही.
— एक वाचक, साखळी

उत्तर : आपण तस्करीला टंचाईचे अपत्य मानतो, परंतु टंचाईपेक्षाही तिला अधिक पोसतो तो दोन ठिकाणच्या नियमांतला फरक, आणि हे गोव्यात राहणाऱ्याला वेगळे समजावून सांगण्याची गरज नसावी. गोवा-महाराष्ट्र सीमेवरच्या पत्रादेवीच्या अलीकडे मद्यावरचा कर कमी आहे आणि पलीकडे जास्त आहे, एवढ्या एका कारणासाठी इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर गाड्या थांबवून त्यांतले चोरकप्पे शोधावे लागतात. १९६१ पूर्वी भारतात सोन्याच्या आयातीवर कडक निर्बंध होते आणि पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात ते तसे नव्हते. त्या फरकावर सोन्याची चोरटी वाहतूक कित्येक वर्षे चालली. माल तोच राहतो, हद्द ओलांडली की त्याची किंमत बदलते, आणि मधला नफा जो धोका पत्करतो त्याचा होतो.

‘स्टार ट्रेक’च्या लेखकांनी हे फार लवकर ओळखले होते. रेप्लिकेटरने सारे काही बनवता आले असते तर आपला आक्षेप बिनतोड ठरला असता, पण यानांच्या इंजिनात पदार्थ आणि प्रतिपदार्थ यांच्या प्रक्रियेवर ताबा ठेवणारे डायलिथियमचे स्फटिक खाणीतूनच काढावे लागतात, आणि चलन म्हणून चालणारे लॅटिनम हे द्रवही यंत्रातून निघत नाही. लॅटिनम हाताळता यावे म्हणून ते सोन्यात भरून त्याच्या विटा व पट्ट्या करतात. १९९८ च्या एका भागात विटांमधले लॅटिनम आधीच काढून घेतलेले असल्याचे कळते, तेव्हा हाती उरलेले सोने कवडीमोल ठरते. ज्या भूमीने सोन्यासाठी एवढी चोरटी ये-जा पाहिली, तिथल्या प्रेक्षकाला हे दृश्य विशेष जाणवावे.

ओरायन हे त्या जगातले हिरव्या कातडीचे परग्रहवासी. त्यांच्यातल्या तस्करांची कार्यपद्धती पहिल्यांदा नीट दिसते ती १९६७ च्या ‘जर्नी टू बॅबेल’ या भागात. कोरिडान नावाच्या ग्रहाला, पृथ्वीसह अनेक ग्रहांच्या महासंघात घ्यावे की नाही, हे ठरवण्यासाठी एंटरप्राइझ यानातून ११४ प्रतिनिधी परिषदेला निघालेले आहेत. कोरिडानकडे डायलिथियम अमाप आहे, पण तिथली लोकवस्ती विरळ आहे आणि ग्रहाला संरक्षण नाही, त्यामुळे तिथे बेकायदा खाणकामाला मोकळे रान मिळालेले आहे. व्हल्कन ग्रहाचा राजदूत सारेक हा टेलराइट या दुसऱ्या लोकांच्या राजदूताला तोंडावर सुनावतो की तुमच्याही काही जहाजांनी हा माल वाहिलेला आहे. पुढे त्या टेलराइट राजदूताचा खून होतो आणि संशय साहजिकच सारेकवर जातो. खरा मारेकरी असतो अँडोरियन या आणखी एका लोकांच्या शिष्टमंडळात वेष पालटून शिरलेला एक ओरायन. त्याच्या डोक्यावरची, अँडोरियनांना असते तशी शृंगिका (कीटकाच्या मिशीसारखा अवयव) झटापटीत मोडते आणि तिच्या पोकळीत दडवलेले संदेशयंत्र सापडते. मागावर असलेले त्याचे यान पकडले जाण्यापेक्षा स्वतःला उडवून देते आणि तोही आधीच घेतलेल्या विषाने मरतो. (पणजीत मांडवीकाठच्या निळ्या इमारतीत सीमाशुल्क खात्याचे संग्रहालय आहे. चोरटा माल दडवण्याच्या तऱ्हा ज्यांनी तिथे पाहिल्या असतील, त्यांना ती पोकळ शृंगिका मुळीच अतिशयोक्तीची वाटणार नाही.)

या भागाचे खरे मोल त्याच्या उलगड्यात आहे. महासंघातल्या ग्रहांमध्ये युद्ध पेटावे, म्हणजे दोन्ही बाजूंना डायलिथियम विकता येईल आणि तोवर कोरिडानही लुटत राहता येईल, असा हा डाव होता. दुसऱ्यांच्या भांडणातच ज्याची मिळकत आहे असा व्यापारी त्या काळच्या दूरचित्रवाणीने इतक्या स्पष्टपणे क्वचितच दाखवला असेल. १९७४ च्या ‘द पायरेट्स ऑफ ओरायन’ या सचेतन (ॲनिमेटेड) भागात हेच सूत्र थोडे पुढे जाते : एंटरप्राइझवरचा अधिकारी स्पॉक याच्या आजारावरचे औषध वाटेतच लुटले जाते आणि लुटारूंची सारी धडपड असते ती आपल्या ग्रहाची ‘तटस्थता’ अबाधित राखण्याची. सरकारने कानांवर हात ठेवायचे आणि पकडल्या गेलेल्यांनी स्वतःला संपवायचे, अशी ही वाटणी आहे. त्यामुळे प्रत्येक ओरायन यान चाच्यांचे असले, तरी ओरायन सरकारच्या अंगाला काही चिकटत नाही.

‘सिंडिकेट’ हे नाव आणि तिची आतली रचना मात्र ‘डीप स्पेस नाइन’ या पुढच्या मालिकेत कळते. १९९६ च्या ‘दि असेंट’मध्ये क्वार्कसारखा मुरलेला मद्यालयमालकही सिंडिकेटचा सभासद होऊ शकलेला नाही, कारण प्रवेशशुल्क त्याला परवडलेले नाही. १९९८ च्या ‘ऑनर अमंग थीव्ह्ज’मध्ये अभियंता ओब्रायन गुप्तहेर म्हणून फेरियस प्राइम ग्रहावर टोळीत शिरतो आणि तिथला बिल्बी नावाचा मधल्या फळीतला माणूस त्याच्यासाठी वरिष्ठांपुढे जामीन राहतो. संघटनेचा सगळा डोलारा उभा आहे तो या जामिनावर. नवा माणूस फितूर निघाला तर त्याला आणणाऱ्याने जिवानिशी किंमत मोजायची, आणि तो पळाला तर ती किंमत त्याच्या बायको-मुलांकडून वसूल होते. ओब्रायन अखेर बिल्बीला खरे सांगून टाकतो. पुढे सापळा आहे हे कळूनही बिल्बी त्यात चालत जातो, कारण आपण मेलो तर घरचे वाचतील एवढेच त्याच्या हाती उरलेले असते; जाण्यापूर्वी तो आपले मांजर तेवढे ओब्रायनच्या हवाली करतो. पहारे आणि शस्त्रे यांच्या जोरावर कोणतीही छुपी संघटना फार काळ छुपी राहत नाही. तिची माणसे घरच्यांच्या काळजीने बांधलेली असतात म्हणून ती टिकते. माझ्या मते या विषयावर ‘स्टार ट्रेक’ने केलेले हे सर्वोत्तम काम आहे.

१९९९ च्या ‘प्रॉडिगल डॉटर’मध्ये याच धाग्याचे दुसरे टोक सापडते. याच मालिकेतली अधिकारी एझरी डॅक्स हिच्या घरचा खाणव्यवसाय अडचणीत आलेला असताना सिंडिकेटची मदत घेतली गेलेली असते, आणि त्या उपकाराची फेड म्हणून बिल्बीच्या विधवेला नावापुरती नोकरी देऊन पगार चालू ठेवावा लागतो. चोरट्या पैशाला प्रतिष्ठित घराचा उंबरठा लागतो आणि एकदा तो ओलांडला गेला की त्या घराची सुटका होत नाही, हे इथे एका कुटुंबाच्या पडझडीतून दिसते.

प्रश्न : एका ग्रहाच्या साऱ्या लोकांना चाचे आणि तस्कर ठरवणे विज्ञानकथेला शोभते का? पडद्यावर गोव्याचा किनारा दिसला की मागोमाग तस्करांची होडी येते, हे पाहून कंटाळलेल्या माणसाला ओरायनांचे चित्रण खटकते.
— एक वाचक, पेडणे

उत्तर : आपले खटकणे रास्त आहे आणि मला त्यात आपल्या बाजूने बोलायचे आहे. ज्या किनाऱ्यावर माल उतरला तिथल्या रापणकाराला (जाळे ओढणाऱ्या कोळ्याला) त्यातला नफा मिळाला नाही. तो मिळाला दूरच्या शहरांतल्या पेढ्यांना आणि भांडवल घालणाऱ्यांना, पण नाव लागले किनाऱ्याचे. ओरायनांचेही तसेच झाले. १९६४ च्या पहिल्या प्रायोगिक भागात हिरव्या रंगाची नाचणारी गुलाम स्त्री म्हणून ते चितारले गेले आणि पुढची कित्येक दशके तेवढीच ओळख त्यांना पुरवली गेली. २००५ च्या ‘बाउंड’ या भागात तर असे सांगण्यात आले की ओरायन स्त्रिया शरीरातून स्रवणाऱ्या द्रव्यांनी पुरुषांना ताब्यात ठेवतात आणि खरे गुलाम पुरुषच आहेत. जी गोष्ट कर, हद्दी, कर्ज आणि भीती यांतून समजून घ्यायची ती शरीरधर्मावर ढकलून लेखकांनी स्वतःचीच मेहनत वाया घालवली, असे मला वाटते.

याला उत्तर त्याच मालिकांत आहे. ‘डीप स्पेस नाइन’च्या ज्या भागांत सिंडिकेट आहे त्यांत हिरव्या कातडीचे ओरायन दिसतच नाहीत; बिल्बी तर माणूसच आहे. संघटनेचे नाव एका ग्रहाचे आहे, पण तिच्यात जो फायद्यासाठी येईल तो सामील आहे. ‘डिस्कव्हरी’ या मालिकेच्या २०२० च्या पर्वात, डायलिथियमची भीषण टंचाई पडलेल्या दूरच्या भविष्यात, ‘एमराल्ड चेन’ ही ओरायन आणि अँडोरियन यांची भागीदारी दिसते. ज्या अँडोरियनांचा वेष एके काळी मारेकऱ्याने चोरला होता, तेच आता शेजारी बसून हिस्सा घेत आहेत. आणि त्याच वर्षी सुरू झालेल्या ‘लोअर डेक्स’ या मालिकेतली टेंडी ही ओरायन तरुणी स्टारफ्लीट या महासंघाच्या अंतराळदलात उमेदीने काम करते आणि आपल्या लोकांबद्दल कोणी सरसकट बोलले की तिला ते बोचते. आपल्या पत्रातला सूर तिला ओळखीचा वाटला असता.

प्रश्न : हे भाग कोणत्या क्रमाने पाहावेत?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : आधी ‘जर्नी टू बॅबेल’, मग ‘दि असेंट’, ‘ऑनर अमंग थीव्ह्ज’ आणि ‘प्रॉडिगल डॉटर’ याच क्रमाने, आणि शेवटी ‘डिस्कव्हरी’चे तिसरे पर्व. ‘बाउंड’ वगळला तरी काही बिघडत नाही. ‘प्रॉडिगल डॉटर’ मात्र आधी पाहू नये, कारण बिल्बीला ओळखल्याशिवाय त्याच्या विधवेचा शोध घेत ओब्रायन एवढा का वणवण करतो, हे कळणार नाही.